दूरच्या दीर्घिकेतला नवा ठिपका : शोधायचा कसा, ओळखायचा कसा

२१ जानेवारी २०१४ची संध्याकाळ. लंडनच्या उत्तर भागातल्या मिल हिल इथे विद्यापीठाच्या वेधशाळेत स्टीव्ह फॉसी पदवीच्या चार विद्यार्थ्यांचं प्रात्यक्षिक घेत होते. ढग भराभर चढून येत होते. ठरवलेला वेध बारगळणार हे दिसत होतं, म्हणून आभाळ पुरतं झाकण्याआधी मुलांना निदान कॅमेरा कसा चालवायचा एवढं दाखवावं, असा त्यांनी विचार केला. ३५ सेंटिमीटरची दुर्बीण सप्तर्षीतल्या एम ८२ या लांबट, धुरकट दीर्घिकेकडे वळवली. पडद्यावर चित्र उमटलं आणि त्यातला एक तारा फॉसींना खटकला. त्यांच्या आठवणीतल्या एम ८२मध्ये तो नव्हता.

त्यांनी जुनी चित्रं काढून पाहिली. तिथे तारा नव्हता. मग लगेच शेजारची दुसरी दुर्बीण सुरू करून पुन्हा चित्र घेतलं, कारण पहिल्या कॅमेऱ्याची खोड असण्याची शक्यता होती. दुसऱ्या चित्रातही तारा जागच्या जागी होता. सुमारे १ कोटी १५ लाख प्रकाशवर्षांवरचा सुपरनोव्हा, म्हणजे अतिनवतारा, सापडला होता. त्याचं नाव पडलं २०१४जे.

नवशिक्याने या गोष्टीचा पुढचा भाग ध्यानात ठेवावा. तो तारा जवळजवळ आठवडाभर तिथे होता. जपानमधले कोइची इतागाकी आणि कॅलिफोर्नियातली एक स्वयंचलित शोधदुर्बीण यांच्या आधीच्या चित्रांतही तो नंतर सापडला. चित्रं होती, पण त्यांची जुन्या चित्रांशी वेळेत गाठ पडली नव्हती. सुपरनोव्हा शोधण्याचं सगळं कसब या गाठ घालून देण्यात आहे. दुर्बीण मोठी असेल तर बरंच, पण जुनं चित्र हाताशी हवंच.

अपेक्षा किती ठेवायची?

आपल्या आकाशगंगेसारख्या एका दीर्घिकेत साधारण शतकात एखाद-दोन सुपरनोव्हा होतात. खुद्द आकाशगंगेतला नुसत्या डोळ्यांनी निश्चितपणे पाहिलेला शेवटचा सुपरनोव्हा १६०४ सालचा, केप्लरच्या काळातला. एकाच दीर्घिकेकडे डोळे लावून बसलात तर आयुष्य सरेल. म्हणून उपाय एकच : पुष्कळ दीर्घिका, पुन्हा पुन्हा. ऑस्ट्रेलियातले धर्मोपदेशक रॉबर्ट इव्हान्स यांनी घरच्या दुर्बिणीतून नुसत्या डोळ्यांनी चाळीसहून अधिक सुपरनोव्हा शोधले. शेकडो दीर्घिकांभोवतालच्या ताऱ्यांची मांडणी त्यांना तोंडपाठ होती. अनोळखी ठिपका त्यांना वाड्यात शिरलेल्या परक्या माणसासारखा चटकन दिसायचा.

आता काळ बदलला आहे, हेही स्पष्ट सांगायला हवं. कॅलिफोर्नियातल्या पालोमार पर्वतावरची झ्विकी ट्रान्झियंट फॅसिलिटी एका चित्रात ४७ चौरस अंश आकाश टिपते आणि उत्तरेकडचं सगळं आकाश दोन-तीन रात्रींत धुंडाळून काढते. (ही मोहीम उभारणारे श्रीनिवास कुलकर्णी जन्माने कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडचे.) चिलीमधल्या व्हेरा रुबिन वेधशाळेच्या ८.४ मीटर दुर्बिणीने २०२५च्या जूनमध्ये पहिली चित्रं दाखवली. या यंत्रांशी संख्येत बरोबरी करता येणार नाही. तरीही जवळच्या, तेजस्वी दीर्घिकांमध्ये हौशी निरीक्षक अजूनही बाजी मारतात. एम १०१मधला २०२३आयएक्सएफ हा अलीकडचा गाजलेला सुपरनोव्हा १९ मे २०२३ रोजी इतागाकी यांनीच पकडला. यंत्र दोन दिवसांनी परत येतं. माणूस त्याच रात्री पुन्हा पाहू शकतो.

कोणत्या दीर्घिका निवडायच्या?

सुरुवातीला दहा दीर्घिका पुरेत. जिथे नवे, वजनदार तारे भराभर जन्मतात तिथे स्फोटही अधिक होतात, म्हणून शक्यतो समोरून दिसणाऱ्या सर्पिल दीर्घिका निवडा. महाराष्ट्रातून पाहायच्या तर त्यांतल्या काहींचं वेळापत्रक असं बसतं :

• ऑक्टोबर-नोव्हेंबर : हंस आणि वृषपर्वा यांच्या सीमेवरची एनजीसी ६९४६. १९१७ ते २०१७ या शंभर वर्षांत इथे दहा स्फोटांची नोंद झाली.
• फेब्रुवारी-मार्च : सप्तर्षीतल्या एम ८१ आणि एम ८२. पुण्या-मुंबईहून त्या उत्तर क्षितिजावर जेमतेम ३९-४० अंश चढतात, तेव्हा उत्तरेकडे इमारत नसलेली जागा शोधा.
• मार्च-एप्रिल : कन्या राशीतली एम ६१. १९२६पासून तिथे आठ सुपरनोव्हा दिसले आहेत.
• एप्रिल-मे : एम ५१ आणि एम १०१. सप्तर्षीतल्या वसिष्ठ आणि मरीची या ताऱ्यांना जोडणाऱ्या रेषेवर त्रिकोण करा, तिसऱ्या टोकाला एम १०१.

जून ते सप्टेंबर आपलं आभाळ पावसाचं. हे चार महिने स्वतःची जुनी चित्रं नीट लावण्यात घालवा. प्रत्येक दीर्घिकेचं एक 'मूळ चित्र' तयार करा : निरभ्र, चंद्र नसलेल्या रात्रीचं, शक्य तितकं खोल. पुढची सगळी तुलना त्याच्याशी होणार आहे.

साधन म्हणाल तर आठ इंची दुर्बीण, आकाशाच्या गतीने फिरणारी बैठक आणि साधा खगोलीय कॅमेरा. शहराबाहेर काही मिनिटांची चित्रं एकावर एक रचली तर १७व्या प्रतीपर्यंतचे तारे उमटतात. (प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा मंद, हे लक्षात असू द्या.) नुसत्या डोळ्याने त्याच दुर्बिणीतून १४व्या प्रतीच्या आसपास मजल संपते.

ठिपका दिसला, आता संशय घ्या

नवा ठिपका दिसला की छाती धडधडते. त्या क्षणी मेल पाठवू नका. पुढच्या पाच चाळण्या लावा.

पहिली, जुनं चित्र. स्वतःच्या मूळ चित्राशी ताडून पाहाच, शिवाय पालोमारच्या छायापट्ट्यांवरून केलेलं डिजिटायझ्ड स्काय सर्व्हे किंवा पॅन-स्टार्स यांची सार्वजनिक चित्रंही उघडा. सर्पिल बाहूंमधले तेजोमेघांचे पुंजके कमी वेळाच्या चित्रात अगदी ताऱ्यासारखे दिसतात. सर्वाधिक फसगत यांच्यामुळेच होते.

दुसरी, कॅमेऱ्याची खोड. दुर्बीण किंचित सरकवून दुसरं चित्र घ्या. खरा तारा दीर्घिकेसोबत सरकतो, बिघडलेला पिक्सेल चौकटीतल्या आपल्या जागी राहतो. वैश्विक किरणाने उमटलेला ठिपका पुढच्या चित्रात गायबच होतो.

तिसरी, हालचाल. तासाभराने पुन्हा पाहा. मंगळ-गुरूमधल्या पट्ट्यातला लघुग्रह तासाला साधारण अर्ध्या कलेने सरकतो, तो लगेच उघडा पडतो. एम ८२ क्रांतिवृत्तापासून, म्हणजे सूर्य-ग्रहांच्या आकाशातल्या वाटेपासून, फार लांब, तिथे लघुग्रह क्वचित. एम ६१ मात्र त्या वाटेजवळच, तिथे हा पाहुणा वारंवार येतो. मायनर प्लॅनेट सेंटरच्या संकेतस्थळावर जागा आणि वेळ टाकली की त्या क्षणी तिथे कोणता ज्ञात लघुग्रह होता, ते कळतं.

चौथी, दीर्घिकेचा गाभा. ठिपका बरोबर केंद्रावर असेल तर जपून. केंद्रातल्या प्रचंड कृष्णविवराभोवतीचा वायू कमी-जास्त तळपत असतो आणि चित्रांची वजाबाकी केली की तिथे हमखास काहीतरी शिल्लक राहतं.

पाचवी, इतरांची नोंद. ट्रान्झियंट नेम सर्व्हर या आंतरराष्ट्रीय नोंदवहीत त्या जागी आधीच कुणी नोंद केली आहे का, ते पाहा. बहुतेक वेळा केलेली असते. वाईट वाटून घेऊ नका; आपली चाळणी बरोबर चालली, याची ती पावती आहे.

पाचही चाळण्यांतून उरलं तर त्याच नोंदवहीत खातं उघडून कळवा. आकाशातल्या जागेचे विषुवांश आणि क्रांती, प्रत, वापरलेला फिल्टर, वेळ, आणि त्या जागी काही नव्हतं असं तुमचं शेवटचं चित्र कधीचं व किती खोल होतं, एवढं लागतं. शेवटची बाब अनेक जण गाळतात. पण स्फोट नेमका कधी झाला हे तिच्यावरूनच बांधता येतं. वेळ जागतिक प्रमाणवेळेत द्या. भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा केले की तारीखही मागे जाऊ शकते : ११ मार्चच्या पहाटेचे २ वाजले असतील तर नोंदीत १० मार्च, २०:३०.

नावातली अक्षरं

नोंद झाली की नाव मिळतं. २०१६पासूनच्या पद्धतीनुसार आधी 'एटी' ही अक्षरं लागतात, म्हणजे 'काहीतरी खगोलीय, क्षणिक'. वर्णपटाने खात्री पटली की 'एटी'चं 'एसएन' होतं. वर्षापुढची रोमन अक्षरं अनुक्रम सांगतात. आधी ए ते झेड ही सव्वीस, मग दोन अक्षरांच्या ६७६ जोड्या, मग तीन अक्षरं. २०१४जे हा त्या वर्षीचा दहावा. आयएक्सएफ या अक्षरांचा हिशेब मांडला तर २०२३च्या मे महिन्यातच नोंदी ६,७००च्या पुढे गेल्या होत्या असं दिसतं. यांपैकी बहुसंख्य नोंदी कायम 'एटी'च राहतात, कारण प्रत्येकीचा वर्णपट घ्यायला दुर्बिणींना वेळ नाही. शोध आता मुबलक आहेत. ओळख पटवणं अडलेलं आहे.

वर्णपट : खरी ओळखपरेड

ठिपक्याचा प्रकाश लोलकासारख्या उपकरणातून पसरवला की त्यातल्या मूलद्रव्यांच्या रेषा दिसतात. १९४१मध्ये रुडॉल्फ मिंकोव्स्की यांनी साधा प्रश्न विचारला : हायड्रोजन आहे की नाही? नसेल तर टाइप वन, असेल तर टाइप टू. आजही ओळख इथूनच सुरू होते.

• हायड्रोजन आहे : टाइप टू. वजनदार ताऱ्याचा गाभा कोसळला आहे आणि हायड्रोजनचं आवरण अजून अंगावर आहे. रेषा अरुंद असतील तर ताऱ्याने आधीच आजूबाजूला टाकलेल्या वायूवर स्फोटातला वायू आदळतो आहे.
• हायड्रोजन नाही, सिलिकॉन ठळक : टाइप वन-ए. हा श्वेतबटूचा, म्हणजे विझलेल्या ताऱ्याच्या दाट गाभ्याचा, अणुस्फोट.
• हायड्रोजन नाही, सिलिकॉन ठळक नाही, हेलियम आहे : टाइप वन-बी.
• यांतलं काहीच ठळक नाही : टाइप वन-सी. गाभा कोसळलेलाच, पण ताऱ्याने आधीच हायड्रोजन-हेलियमची वस्त्रं उतरवलेली.

ओळखपरेडीत एक गोष्ट स्वतः करून पाहण्यासारखी आहे. वन-ए प्रकारात सिलिकॉनची रेषा प्रयोगशाळेत ६३५५ अँगस्ट्रॉमवर असते. दीर्घिकेची ताम्रसृती, म्हणजे ती दूर जात असल्याने रेषांचं तांबड्याकडे सरकणं, वजा केल्यावरही स्फोटाच्या तेजाच्या शिखराजवळ ती ६१५०च्या आसपास सापडते. २०५ अँगस्ट्रॉम निळ्याकडे सरकली, कारण आपल्या बाजूचा वायू आपल्याकडे झेपावतो आहे. २०५ला ६३५५ने भागा, प्रकाशाच्या वेगाने म्हणजे सेकंदाला ३ लाख किलोमीटरने गुणा : सेकंदाला सुमारे ९,७०० किलोमीटर. वहीच्या कोपऱ्यात तीन ओळींत, कोट्यवधी प्रकाशवर्षांवरच्या स्फोटाचा वेग मोजून झाला.

२०१४जेचा वर्णपट दुसऱ्याच दिवशी घेतला गेला आणि त्यात हीच सिलिकॉनची खूण होती : टाइप वन-ए. पुढे युरोपच्या इंटिग्रल उपग्रहाने त्याच्यातून किरणोत्सारी कोबाल्टचे गॅमा किरण टिपले. वन-ए स्फोटात निकेल-५६ बनतं, ते सहा दिवसांच्या अर्धायुष्याने कोबाल्ट होतं, कोबाल्ट ७७ दिवसांच्या अर्धायुष्याने लोह. सुपरनोव्हा कित्येक आठवडे तळपतो तो या इंधनावर.

संगणकावर हे काम करायला एसएनआयडीसारखी मोफत प्रणाली आहे. ती तुमचा वर्णपट शेकडो जुन्या वर्णपटांशी ताडून जवळचा जोडीदार, स्फोटानंतरचे दिवस आणि ताम्रसृती सुचवते. पण तिचं पहिलं उत्तर डोळे मिटून घेऊ नका. वन-सी आणि शिखर उलटून गेलेला वन-ए एकमेकांसारखे दिसून भल्याभल्यांना चकवतात. दीर्घिकेची ताम्रसृती स्वतंत्रपणे ठाऊक असेल तर ती आधी पक्की करा, मग जुळणी चालवा.

वर्णपट नसेल तर दोन अप्रत्यक्ष खुणा कामी येतात. एक, घर : लंबवर्तुळाकार, म्हाताऱ्या ताऱ्यांच्या दीर्घिकेत स्फोट झाला तर तो जवळपास नक्की वन-ए, कारण गाभा कोसळणारे वजनदार तारे तिथे उरलेले नसतात. दोन, तेजाचा आलेख : वन-ए साधारण अठरा-एकोणीस दिवसांत शिखर गाठून उतरू लागतो, तर टाइप टूचा मोठा गट शंभरेक दिवस पठारासारखा एकाच पातळीवर रेंगाळतो. एक दिवसाआड प्रत मोजून हा आलेख काढणं हे आठ इंची दुर्बिणीचं सगळ्यात उपयोगी काम आहे.

अंतराचा हिशेब आणि फार दूरचे स्फोट

वन-ए प्रकाराला एवढं महत्त्व का? श्वेतबटूच्या वस्तुमानाला सूर्याच्या सुमारे १.४ पट ही सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी दाखवलेली मर्यादा आहे, आणि या स्फोटांचं शिखरतेज बरंचसं सारखं असतं : निरपेक्ष प्रत, म्हणजे ३२.६ प्रकाशवर्षांवरून दिसेल ती प्रत, उणे १९.३च्या आसपास. जो हळू मंदावतो तो मुळात अधिक तेजस्वी, हा फरक १९९३मध्ये मार्क फिलिप्स यांनी मांडला. तो जमेस धरला की मोजपट्टी अधिक नेमकी होते.

समजा, तुम्हाला वन-ए सापडला आणि शिखरावर त्याची प्रत १५.७ होती. ही प्रत आणि निरपेक्ष प्रत यांतला फरक ३५. दर पाच प्रतींमागे अंतर दहापट होतं, सुरुवात ३२.६ प्रकाशवर्षांपासून. ३५ म्हणजे सात वेळा पाच, ३२.६ला सात वेळा दहाने गुणा. उत्तर ३२ कोटी ६० लाख प्रकाशवर्षं. मात्र वाटेतली धूळ विसरू नका. एम ८२ धुळीने इतकी भरलेली की २०१४जेचं तेज सुमारे दोन प्रतींनी घटलं होतं. रंग जास्तच तांबूस दिसला तर ती धुळीची खूण समजा.

अब्जावधी प्रकाशवर्षांवरचे स्फोट पकडणं वेगळाच खटाटोप होता. डेन्मार्कच्या खगोलज्ञांनी चिलीतून दोन वर्षं शोध घेतला तेव्हा १९८८मध्ये त्यांना ०.३१ ताम्रसृतीचा एकच वन-ए हाती लागला, तोही शिखर ओलांडल्यावर. मोठ्या दुर्बिणीचा वेळ महिनोन्‌महिने आधी मागावा लागतो, आणि तारा कधी फुटेल ते कुणी सांगावं? कॅलिफोर्नियातल्या सॉल पर्लमटर यांच्या गटाने यावर तोड काढली. एका अमावास्येनंतर लगेच हजारो दीर्घिकांची चित्रं घ्यायची, पुढच्या अमावास्येच्या तोंडावर, तीन आठवड्यांनी, तीच पुन्हा घ्यायची आणि वजाबाकी करायची. मधल्या दिवसांत फुटलेले तारे अजून चढतीवर असताना सापडतात, आणि हवाईतली केक दुर्बीण वर्णपटासाठी आधीच राखून ठेवता येते. या युक्तीने, आणि ब्रायन श्मिट व अॅडम रीस यांच्या प्रतिस्पर्धी गटाच्या कामाने, १९९८मध्ये कळलं की विश्वाचं प्रसरण वेग घेत आहे. तिघांना २०११चं नोबेल मिळालं.

इतक्या दुरून ओळखपरेडीचे नियमही बदलतात. ताम्रसृती ०.५ असेल तर ६१५०ची सिलिकॉन रेषा ९,२२५वर जाते, जिथे रात्रीचं आकाशच स्वतः उजळ असतं आणि ती दबून जाते. मग अतिनील बाजूने सरकून दृश्य पट्ट्यात आलेल्या कॅल्शियमसारख्या रेषांवर भिस्त ठेवावी लागते. काळही ताणला जातो : तिथले वीस दिवस आपल्याला तीस दिसतात. आलेख जुळवताना दिवसांना दीडने भागायला विसरलात तर प्रकारच चुकेल.

आपल्याकडून काय होईल?

दुर्बीण नसेल तर झूनिव्हर्स या संकेतस्थळावर २०२३मध्ये सुरू झालेला 'किलोनोव्हा सीकर्स' उपक्रम उघडा. नवं चित्र, जुनं चित्र आणि दोहोंची वजाबाकी शेजारी शेजारी ठेवून ठिपका खरा की खोटा, एवढंच तिथे विचारतात. शे-दोनशे चित्रं पाहिलीत की नजर तयार होते. वय आड येत नाही; कॅनडातल्या दहा वर्षांच्या मुलीने २०११च्या जानेवारीत अशाच चित्रतुलनेतून सुपरनोव्हा शोधला होता.

दुर्बीण घ्यायच्या विचारात असाल तर आधी पुण्यातली ज्योतिर्विद्या परिसंस्था किंवा मुंबईतलं खगोल मंडळ यांच्यासारख्या संस्थांच्या आकाशदर्शनाला जा, दुसऱ्याच्या दुर्बिणीवर हात बसवा. अभ्यासक्षेत्र म्हणून पाहत असाल तर लडाखमधल्या हानले इथे ४,५०० मीटर उंचीवर दोन मीटरची हिमालयन चंद्र दुर्बीण आणि आयआयटी मुंबईच्या सहभागाने चालणारी ०.७ मीटरची स्वयंचलित ग्रोथ-इंडिया दुर्बीण आहे. २०२३आयएक्सएफचे वेध या दोहोंनी घेतले होते. छोट्या वर्णपटमापकावर युरोपातली काही हौशी मंडळी तेजस्वी सुपरनोव्हांचे प्रकार ठरवून नोंदवहीत देतात. या कामाला माणसं कमी आहेत. आपल्याकडे कुणी हे मनावर घेतलं तर त्याची गरज लगेच लागेल.

येत्या अमावास्येला एकच दीर्घिका निवडा आणि तिचं मूळ चित्र घ्या. फाइलच्या नावात तारीख आणि जागतिक वेळ लिहा. चित्र कितीही साधं आलं तरी पुसू नका. त्या जागी उद्या काही फुटलं, तर आज तिथे काहीच नव्हतं हे सांगणारा पुरावा कदाचित तुमच्याकडेच असेल.